अकरापैकी सातवं

दातांच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं
गुलाबी मेणात हिरड्या कोरल्या मी.
डुलूथमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू
आधी माझ्या बोटांना चटका देऊन गेलंय.

आता गॅरेजमध्ये धिरड्यांचा विजेचा तवा,
तव्यावर सार्डिनचे रिकामे डबे, डब्यांत रंग आणि मेण.
काटा जरा पुढे सरकला की धूर,
आणि त्या धुराला
नुकत्याच संपलेल्या वाढदिवसाचा वास.

मेण टॉइवोकडून. एस्कोच्या अलीकडे त्याच्या चौदा पेट्या.
“माश्या रुसल्यात यंदा,” म्हणतो,
म्हणजे भाव चढलाय.
कॉफीच्या डब्यात ओतून देतो ढेप,
तिच्यात कुठेतरी माशीचा एक पाय असतोच.
मी गाळत नाही.

कुमुदला फोनवर सांगितलं, मालिका करतेय.
“अगं बाई! कुठल्या चॅनलवर?”
भिंतीवर, म्हटलं. अकरा भाग.
अकराच का, तर बाराव्या फळीला चीर होती.
उद्घाटनाला विचारतील तेव्हा
काहीतरी खोल सांगावं लागेल.

कागद म्हणाल तर पाकिटांची पोटं.
रुग्णालय, विमा कंपनी, पुन्हा रुग्णालय.
आतून निळ्या लाटा, राखाडी जाळी, बारीक फुल्या,
बाहेरच्याला आकडा दिसू नये म्हणून छापलेल्या.
सप्टेंबर ते जुलै, आली त्या क्रमाने.
आकडे भरून टाकले तेव्हाच.
नक्षी ठेवली.

फळी, कागद, मेण, वर गरम हवा.
प्रत्येक थर खालच्याला डागून बसवायचा,
नाहीतर सुटतो सालीसारखा, वर्षाने, न सांगता.
इथल्या पुस्तकांत याला मोठं नाव आहे,
मला मिरजेचाच शब्द पुरतो:
फुटक्या घागरीला देतात तो डाग,
अडीनडीला मोडतात तोही डागच,
आणि साडीवरचा, जो जात नाही.

सातव्यात पाकिटाची खिडकी राहू दिली.
तिच्यामागे त्याचं नाव, त्यांनी लिहिलं तसं,
‘विडायडर’.
किती वेळा कळवलं, दुरुस्त करा म्हणून.
सहा थर दिले वर, दोन खरवडले
हिरडीच्याच सुरीने.
उजेड तिरका आला तरच वाचता येतं.

मार्लिसने जुन्या फर्निचरच्या दुकानात भिंत दिली,
पातळी लावून अकरा खिळे ठोकले.
मार्चातला पहिला शुक्रवार. सरोवर अजून पांढरं.
चीज उरलं, माझ्या शंकरपाळ्या आधी संपल्या.
खोल काहीतरी कुणी विचारलंच नाही.

एक पोरगा आला, रस्त्यावरचा बर्फ ओढणारी गाडी चालवतो,
बुटांचं पाणी फरशीभर.
सातव्यासमोर उभा राहिला, उभाच राहिला.
“हे एकटं मिळेल?”
मालिका तुटते, असं मार्लिस म्हणत होती,
आणि मी हो म्हणून मोकळी झाले होते.
“खिडकीतून सरोवर आहे ना हे? पहाटेचं?”
आहे, म्हटलं.

लाल ठिपका लागला. हाही एक.

मग त्याला समजावलं:
उन्हात नको, शेकोटीवर नको.
पहिल्या वर्षी वर साय धरेल, धुक्यासारखी,
घाबरायचं नाही. मऊ फडक्याने पुसायचं.
“किती जोर लावू?”
मी जरा थांबले.
जेवताना समोरच्याच्या गालाला भात लागला
तर पुसतोस ना, तेवढाच.

बाहेर शून्याखाली अठरा. थंडीत मेणाला तडे जातात.
त्याने अंगातला कोट काढला,
चित्राला गुंडाळला,
आणि गाडीपर्यंत शर्टावर गेला, हळूहळू,
घसरू नये म्हणून.